ठराव मंजूर झाला, मग गटार का होत नाही?

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत एखादा विषय दोन-तीन मिनिटांत उरकतो. सभालिपिक विषय वाचतो, एक सदस्य सूचक होतो, दुसरा अनुमोदन देतो, अध्यक्ष 'मंजूर' म्हणतात आणि पुढचा विषय पुकारला जातो. संध्याकाळपर्यंत प्रभागात बातमी पोचते की गल्लीतलं गटार मंजूर झालं. मग पावसाळा येतो आणि जातो, गटार काही होत नाही. लोक नगरसेवकाला बोल लावतात, नगरसेवक मुख्याधिकाऱ्यांकडे बोट दाखवतात, मुख्याधिकारी निधीचं कारण सांगतात. या सगळ्यात तो ठराव नेमका कोणत्या शब्दांत लिहिला गेला, हे मात्र कुणी उघडून बघत नाही. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कितीतरी गावांत वर्षानुवर्षं प्रशासक होते, म्हणजे विषय मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमल करणारा अधिकारी एकच. त्यामुळे आज सभागृहात बसलेल्या अनेकांनी याआधी एकही सर्वसाधारण सभा पाहिलेली नाही, आणि सभा कशी चालते याचा गावालाही विसर पडला आहे. म्हणून हे जरा खोलात जाऊन.

कायदा आहे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. कार्यालयात त्याला नुसतं '६५ चा कायदा' म्हणतात. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर 'अ' वर्ग, ४० हजारांच्या वर ते एक लाखापर्यंत 'ब' वर्ग, त्याखाली 'क' वर्ग. गाव शहर होण्याच्या वाटेवर असेल तिथे नगरपंचायत, १७ नगरसेवकांची. ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना राज्यघटनेत जागा मिळाली, पाच वर्षांची मुदत ठरली आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. इतकी माहिती पुरे. कारभार कळायचा असेल तर तीन ठिकाणी बघायला हवं: अध्यक्ष, सभागृह आणि मुख्याधिकारी.

अध्यक्ष सभा बोलावतात, चालवतात आणि स्थायी समितीचे सभापतीही तेच असतात. त्यांची निवड जनतेतून की नगरसेवकांतून, हे राज्य सरकारने अनेकदा बदललं. २०१६ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट निवडीत अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं घडू शकतं. अशा ठिकाणी विषयपत्रिका अध्यक्षांच्या हातात आणि मतं समोरच्यांच्या हातात राहतात. समान मतं पडली तर पीठासीन अधिकारी म्हणून अध्यक्षांना निर्णायक मत असतं, पण ते मतं समान पडली तरच. दोन्ही बाजूंनी हे ओळखून सभेआधी बसून बोलणं केलं नाही, तर पाच वर्षं 'विषय तहकूब' या दोन शब्दांत जातात.

सभागृह म्हणजे सगळे नगरसेवक. त्यात स्वीकृत सदस्यही, म्हणजे निवडणुकीतून न येता नेमलेले सदस्यही असतात, पण ते बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. घटनेतच तसं आहे, त्यामुळे कुणी कितीही वजनदार असला तरी यात फरक पडत नाही. निवडणुकीनंतर पक्षांचे आणि आघाड्यांचे गट जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवले जातात. ही नोंदणी नवख्या सदस्यांना कागदी औपचारिकता वाटते, पण पुढचं बरंच काही तिच्यावर ठरतं. विषय समित्यांतल्या जागा आणि स्वीकृत सदस्य गटांच्या तौलनिक संख्याबळावर ठरतात. गटनेता पक्षादेश (व्हिप) काढू शकतो, आणि तो मोडला तर १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली सदस्यत्व जाऊ शकतं. गट कुणासोबत नोंदवायचा हे गडबडीत ठरवलं, की पुढे मन बदलूनही उपयोग होत नाही.

निवडून आलेल्या महिला सदस्यांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सभागृहात बसण्याचा, बोलण्याचा, मत देण्याचा आणि कागद मागण्याचा अधिकार त्यांचा आहे. पतीचा, दिराचा किंवा मुलाचा नाही. नोटीसही त्यांच्याच नावाने निघते. ज्या सदस्या टिपणी स्वतः वाचून येतात त्यांचे प्रश्न सगळ्यांत नेमके असतात, कारण नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं हे त्यांना घड्याळासकट माहीत असतं.

तिसरे मुख्याधिकारी. हे राज्य शासनाच्या सेवेतले अधिकारी. नेमणूक आणि बदली शासन करतं, सभागृह नाही. काय करायचं ते सभागृह ठरवतं, अंमल मुख्याधिकारी करतात, असं एका ओळीत म्हणता येतं. पण ठरवण्यासाठी लागणारी माहिती, अंदाजपत्रक आणि कायद्याचा अभिप्राय हे सगळं मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयातूनच येतं. म्हणून टिपणी फार महत्त्वाची.

टिपणी म्हणजे विषयपत्रिकेवरच्या प्रत्येक विषयामागची कार्यालयाची नोंद. नगर अभियंता, लेखापाल, आरोग्य निरीक्षक किंवा कर निरीक्षक आपापल्या विभागाची टिपणी लिहितात आणि ती मुख्याधिकाऱ्यांमार्फत सभेपुढे येते. चांगल्या टिपणीत कामाची जागा, लांबी-रुंदी, अंदाजित खर्च, कोणत्या लेखाशीर्षात (खर्चाच्या खात्यात) किती शिल्लक, जमीन कुणाची, आधी झालेले ठराव आणि कायद्याचं लागू कलम एवढं असायलाच हवं. यातलं एकही नसेल तर सदस्याने सभेच्या आधीच, लेखी, मागून घ्यावं. सभेत उभं राहून 'टिपणी अपुरी आहे' म्हटलं की विषय पुढे जातो आणि दोन महिने वाया जातात.

दोन महिने, कारण सर्वसाधारण सभेतलं अंतर कायद्याने त्याहून जास्त असता कामा नये, आणि प्रत्यक्षात ती त्याहून लवकर क्वचितच होते. अध्यक्षांनी मुदतीत सभा बोलावली नाही तर मुख्याधिकाऱ्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण ७ दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण ३ दिवस आधी सदस्यांना मिळायला हवी. 'पूर्ण' म्हणजे नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. १० तारखेला नोटीस हातात पडली तर सर्वसाधारण सभा लवकरात लवकर १८ तारखेला, विशेष सभा १४ तारखेला. हा हिशेब एका दिवसाने चुकला की सगळ्या सभेवर हरकत येऊ शकते, आणि चांगल्या ठरावांनाही तिचा फटका बसतो. नोटीस पोचल्याची सही आणि तारीख असलेली वही म्हणूनच जपून ठेवायची असते.

विशेष सभा अध्यक्ष स्वतःहून बोलावू शकतात. एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर ती बोलावावीच लागते, तीही मागणी मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आतल्या तारखेला. सदस्यसंख्या २४ असेल तर सहा सह्या पुरतात. तरीही अध्यक्षांनी टाळलं तर तेच सदस्य जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतात. विरोधी बाकावरच्यांच्या हातात हे खरं साधन आहे. पाणीटंचाईवर सभागृहात आरडाओरडा करण्यापेक्षा त्याच एका विषयाची विशेष सभा मागणं कितीतरी जास्त कामाला येतं. कारण त्या सभेत पाणीपुरवठा विभागाला फक्त त्याच विषयाची उत्तरं द्यावी लागतात, आणि ती इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत येतात.

गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान उपस्थिती, सर्वसाधारण सभेला एक तृतीयांश, विशेष सभेला निम्मी. २४ सदस्यांत ८ आणि १२. सुरुवातीला सही करून जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धे सदस्य निघून जातात, आणि मोठे विषय नेमके तेव्हा निघतात. अशा वेळी उरलेल्यांपैकी कुणीही गणपूर्तीचा मुद्दा काढू शकतो. पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट लागत नाही, हे न जाणणारे सदस्य सभा मोडून घरी जातात आणि पुढच्या सभेत मोजक्यांच्या उपस्थितीत सगळं मंजूर होतं.

विषयपत्रिकेच्या शेवटी 'आयत्या वेळचे विषय' ही ओळ असते. ती साध्या, तातडीच्या गोष्टींपुरती असावी. खर्चाचा, जागेचा किंवा ठेक्याचा विषय तिथून आला तर सदस्यांनी टिपणी वाचलेली नसते, नागरिकांना पत्ता नसतो आणि त्या ठरावाला पुढे आव्हान देणं सोपं जातं. खरंच तातडी असेल तर तिच्यासाठी वेगळी वाट आहे. पाइपलाइन फुटली, पूर आला, भिंत कोसळायच्या बेतात आहे, अशा वेळी कलम ५८(२) खाली अध्यक्ष तातडीने काम करण्याचा आदेश देऊ शकतात आणि पुढच्या सभेपुढे ते कारणांसह ठेवायचं असतं. दोन्ही वाटांची गल्लत केली की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

आता त्या गटाराकडे येऊ. बहुतेक ठिकाणी ठराव साधारण असा असतो: 'प्रभाग क्र. ४ मध्ये आवश्यक त्या ठिकाणी गटार बांधण्यास व त्यासाठी येणाऱ्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे. पुढील कार्यवाहीचे सर्व अधिकार मुख्याधिकारी यांना देण्यात येत आहेत.' ऐकायला पूर्ण वाटतो. पण 'आवश्यक त्या ठिकाणी' या शब्दांचं अंदाजपत्रक कुठलाही अभियंता करू शकत नाही. 'येणाऱ्या खर्चास' म्हटल्यावर लेखापाल कोणत्या शीर्षातून रक्कम धरणार? आणि सर्व अधिकार देऊन टाकल्यावर काम झालं नाही तर सभागृह विचारणार कशाच्या आधारावर?

तोच ठराव असा लिहिता येतो: 'प्रभाग क्र. ४ मधील मारुती मंदिर ते ओढा या नगरपरिषदेच्या ताब्यातील रस्त्याच्या पूर्व बाजूस १२० मीटर लांबीचे, आतील रुंदी ०.४५ मीटर व सरासरी खोली ०.६० मीटर असे आरसीसी गटार, ओढ्याच्या बाजूकडून सुरुवात करून बांधण्यास, नगर अभियंता यांच्या सोबत जोडलेल्या अंदाजपत्रकास आणि टिपणीत नमूद लेखाशीर्षातून खर्च करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. काम सुरू होण्यापूर्वी बाधित नळजोडण्या स्थलांतरित कराव्यात. प्रगतीचा अहवाल पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.' यातला प्रत्येक शब्द पुढचा एकेक अडथळा आधीच दूर करतो.

'ओढ्याच्या बाजूकडून' हे शब्द उगीच नाहीत. गटार नेहमी खालच्या टोकाकडून वर बांधत आणायचं असतं. १:२०० उतार धरला तर १२० मीटरमध्ये तळ ६० सेंटिमीटर खाली जायला हवा. ओढ्याचा तळ तेवढा खाली आहे की नाही हे आधी लेव्हल घेऊनच कळतं. वरून सुरुवात केली आणि शेवटच्या २० मीटरला निधी संपला किंवा लेव्हल जुळली नाही, तर वरच्या सगळ्या घरांचं पाणी एका घराच्या दारात आणून सोडल्यासारखं होतं. आणि असं होतं, कारण निधी प्रभागानुसार वाटला जातो. पाण्याला प्रभागाची हद्द कळत नाही. प्रभाग ४ चं गटार प्रभाग ५ च्या हद्दीवर येऊन थांबतं, कारण पुढचं काम दुसऱ्या नगरसेवकांच्या यादीत नव्हतं. दोन्ही प्रभागांच्या सदस्यांनी मिळून एकच ठराव मांडला तर हा प्रश्न उद्भवतच नाही. समान निधीवाटप न्याय्य वाटतं, पण गटार, पाणी आणि कचरा या तीन बाबतीत ते गावाचं नुकसान करतं असं माझं स्पष्ट मत आहे.

'ताब्यातील रस्त्याच्या' हेही तपासूनच लिहायचं. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र लागतं. खासगी लेआउटमधला असेल आणि तो नगरपरिषदेकडे हस्तांतरित झालेला नसेल, तर त्यावर सार्वजनिक पैसा खर्च करता येत नाही. यातला निम्मा गोंधळ मालमत्ता नोंदवही अद्ययावत नसल्यामुळे होतो. त्याच नोंदवहीअभावी एकाच गटाराची मागणी दोन योजनांतून जाते, कारण नगरपरिषदेच्या एका प्रभागात सहसा दोन नगरसेवक असतात आणि दोघेही आपापल्या परीने पाठपुरावा करतात.

ठरावानंतर कागदाचा प्रवास सुरू होतो. राज्याच्या दरसूचीप्रमाणे सविस्तर अंदाजपत्रक होतं. त्याला सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता घ्यावी लागते. पाणीपुरवठा किंवा मलनिस्सारणाची मोठी योजना असेल तर ती महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे जाते. पैसा शासकीय योजनेतला असेल तर प्रशासकीय मान्यता वरून येते, उदाहरणार्थ जिल्हास्तर नगरोत्थानच्या कामांना जिल्हाधिकाऱ्यांकडून. मग निविदा, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, दर मंजुरी, अनामत, करारनामा आणि शेवटी कार्यादेश. निविदेची मर्यादा टाळण्यासाठी एका कामाचे तुकडे पाडणं हा जुना आजार आहे. एकाच रस्त्याचे 'अ घर ते ब घर' आणि 'ब घर ते क घर' असे दोन विषय एकाच विषयपत्रिकेत दिसले, तर सदस्याने तिथेच थांबवून विचारायला हवं. अंदाजपत्रकापेक्षा फारच कमी दराची निविदा आली तरी खूश होऊ नये. जादा सुरक्षा अनामत घेतली का, आणि सिमेंट-सळईचं प्रमाण तपासायला स्वतंत्र तपासणी आहे का, हे पाहावं. या सगळ्यात मध्येच आचारसंहिता लागली की निविदा थांबते. मार्चअखेर जवळ आली की सगळे एकदम धावतात, आणि घाईत भरलेलं काँक्रीट पाणी न मारता वाळतं.

इतिवृत्ताबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण निर्णय खऱ्या अर्थाने तिथे पक्का होतो. सभेत जे बोललं गेलं आणि इतिवृत्तात जे उतरलं, त्यात फरक पडू शकतो. दहा मीटरचा रस्ता बारा होतो, 'अहवाल मागवावा' चं 'मंजुरी देण्यात येते' होतं. दर वेळी यात हेतू असतो असं नाही. सभालिपिक एकटा असतो, एकाच वेळी चौघे बोलत असतात, आणि तो घरी जाऊन आठवणीने लिहितो. उपाय साधा आहे. महत्त्वाची उपसूचना तोंडी न देता कागदावर लिहून, सूचक-अनुमोदकाच्या सहीने पीठासीन अधिकाऱ्यांकडे द्यावी. विरोध असेल तर 'माझा विरोध नावासह नोंदवावा' असं म्हणून मतदान मागावं. 'सर्वानुमते' या शब्दाखाली गप्प बसलेल्यांची नावंही येतात, आणि पुढे चौकशी झाली तर गप्प बसलेला सदस्यही उत्तरदायी ठरतो. पुढच्या सभेत 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा पहिला विषय असतो. चुका दुरुस्त करायची ती शेवटची सोपी जागा, आणि बहुतेक सभांत तो अर्ध्या मिनिटात संपतो.

झालेला ठराव तीन महिन्यांच्या आत बदलायचा किंवा रद्द करायचा तर नेहमीचं साधं बहुमत पुरत नाही, कायद्याने जास्त कडक अट घातली आहे. आणि ठराव बेकायदा आहे, सार्वजनिक हिताविरुद्ध आहे किंवा त्याने शांतता भंगेल असं वाटलं, तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. कार्यालयात याला '३०८ ला टाकलं' असं म्हणतात. अल्पमतातले सदस्य आणि खुद्द मुख्याधिकारीही हा रस्ता वापरतात. त्याचा उपयोग बेकायदा ठराव रोखायला व्हावा. एकमेकांची कामं अडवायला तो झाला की गाव वर्षभर सुनावण्यांच्या तारखा मोजत बसतं.

पैशाचं बोलायचं तर छोट्या शहराच्या तिजोरीत स्वतःचं फार थोडं असतं. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली आणि तिच्याजागी राज्याचं सहायक अनुदान आलं. पगार बहुतांशी त्यावर चालतात. मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि बांधकाम परवानग्यांचं शुल्क हे स्वतःचं उत्पन्न. त्यातून पाणी उपसण्याचं आणि पथदिव्यांचं वीजबिल, सफाईचा ठेका, इंधन आणि दुरुस्ती भागवायची. महिला व बालकल्याण, दिव्यांग आणि दुर्बल घटक यांच्यासाठी उत्पन्नातला ठरावीक वाटा, प्रत्येकी ५ टक्के, राखून ठेवायचा. तो वर्षअखेरीस अखर्चित राहतो ही शरमेची गोष्ट आहे, कारण बहुतेकदा लाभार्थ्यांची यादीच वेळेत तयार झालेली नसते. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात ६० टक्के बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच. सभागृहात कुणी 'वित्त आयोगातून चौक सुशोभीकरण' म्हणालं, की लेखापालाने आधी हा पैसा बंधित की अबंधित हे सांगायला हवं.

अर्थसंकल्प फेब्रुवारीत विशेष सभेत येतो आणि तो नेहमी शिलकी असतो. ती शिल्लक बघू नका. मागच्या वर्षीचा अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष जमा हे तीन रकाने शेजारी ठेवा. मालमत्ता कराची मागणी किती धरली आणि वसूल किती झाली, यातलं अंतर दर वर्षी वाढत असेल तर नवीन कामांच्या तरतुदी कागदावरच राहणार. शासकीय योजनेत नगरपरिषदेचा स्वहिस्सा असतो, त्याची तरतूद दिसते का ते बघा. ती नसेल तर योजना मंजूर होऊनही शेवटचा हप्ता अडतो आणि पाण्याची टाकी बांधून तयार, पण वितरणवाहिनी नाही, अशी अवस्था होते.

कराचा विषय निघाला म्हणून: दर चार वर्षांनी मालमत्तांची फेरआकारणी व्हायला हवी. सभागृह तिला घाबरतं, कारण नोटिसा घरोघर गेल्या की पहिला फोन नगरसेवकाला येतो. मग दोन-तीन फेऱ्या टाळल्या जातात, आणि शेवटी एकदम केल्यावर एखाद्याचा कर कित्येक पट होतो. चार वर्षांनी थोडा वाढलेला कर लोक भरतात. बारा वर्षांनी एकदम वाढलेल्या करावर मोर्चा निघतो. हरकती घ्यायला मुदत असते, सुनावणी होते, त्यानंतर अपीलही आहे. हे सगळं नगरसेवकांनी प्रभागात आधी जाऊन समजावलं तर निम्म्या हरकती उद्भवत नाहीत, कारण बऱ्याचशा हरकती मोजमापाच्या चुकांच्या असतात: पत्र्याचं शेड पक्कं बांधकाम म्हणून लागलेलं, किंवा राहत्या घराला दुकानाचा दर.

शेवटचा विषय विकास आराखड्यातल्या आरक्षणांचा. इथे निर्णय न घेणं हाच निर्णय ठरतो. बाग, शाळा, भाजीमंडई यांसाठी राखीव ठेवलेली जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जागा संपादित केली नाही किंवा संपादनाची खरी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं आणि जागा मोकळी होते. नुसता 'संपादन करण्यात यावे' असा ठराव करून ही मुदत थांबत नाही. ही नोटीस आवक-जावक विभागात येते, तिथून नगररचना विभागात जाते आणि तिथेच एखाद्या फायलीत पडून राहते. सभागृहापुढे ती येते तेव्हा चार-सहा महिने उरलेले असतात. मालकाला मोबदला द्यायला पैसा नसेल तर हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देता येतो, पण त्या वाटाघाटींनाही वेळ लागतो. म्हणून प्रत्येक सर्वसाधारण सभेत 'प्राप्त झालेल्या कलम १२७ च्या नोटिसा व शिल्लक कालावधी' हा कायमचा विषय ठेवावा. एक तक्ता पुरतो: आरक्षण क्रमांक, क्षेत्र, नोटीस मिळाल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख. छोट्या शहराला पुढच्या पन्नास वर्षांत दुसरी मोकळी जागा मिळणार नाही.

नागरिकांसाठी एवढंच. सभेची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, तिचा फोटो काढून ठेवा. इतिवृत्त पाहायला मिळतं, नाही मिळालं तर माहिती अधिकारात ठराव क्रमांक आणि तारीख घालून प्रत मागा. 'माझ्या गल्लीच्या गटाराचं काय झालं' असा अर्ज केला तर 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर येतं. त्याऐवजी ठरावाची प्रत, अंदाजपत्रकाची प्रत, लेखाशीर्ष, तांत्रिक व प्रशासकीय मान्यतेचे क्रमांक आणि कार्यादेशाची प्रत मागा. यातला जो कागद मिळणार नाही, काम तिथेच अडलेलं आहे. आणि कार्यादेश मिळाला तर तो शेवटपर्यंत वाचा. त्यात कामाची मुदत जशी असते तसा दोषदायित्वाचा कालावधीही असतो. त्या काळात गटाराची भिंत तडकली किंवा झाकण खचलं तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, त्यासाठी नवीन ठराव लागत नाही.